दोन मागांच्या मधोमध: सोलापुरातल्या ऐकण्याच्या बैठकींच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

आज पहिल्यांदा चौघं एकत्र बसलो. मी, तबल्याचे सर, माझे धाकटे दीर (त्यांचा साउंड सिस्टीमचा धंदा आहे) आणि माझी जुनी विद्यार्थिनी. ती आता इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. फेब्रुवारीपर्यंत सहा बैठका घ्यायच्या असं ठरलं. गेल्या शंभरएक वर्षांत जगात जे नवं, प्रयोगाचं संगीत झालं ते सोलापूरकरांना चांगल्या स्पीकरवर निवांत ऐकवायचं. प्रवेश मोफत. वर्गणी ११,४०० रुपये जमली आहे. त्यात चहा, भाडं आणि एक बरा रेकॉर्डर बसवायचा. स्पीकर दिरांचे, म्हणजे घरचेच.

माझं कारण इथं लिहून ठेवते. हे संगीत मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चाळिशी उलटली होती. वीस वर्षं हार्मोनियम शिकवत होते, सुरातलं आपल्याला कळतं अशी समजूत होती. त्या रात्री झोप लागली नाही. आनंद झाला तसं वाईटही वाटलं, की हे आपल्याला कुणी आधी का ऐकवलं नाही. आपल्याकडे भजन आहे, नाट्यगीतं आहेत, ऑर्केस्ट्रा आहे, गणपतीत लेझीम आणि हलगी आहे. हे तेवढं नाही. लोकांना ते आवडणार नाही, हे लोकांना न विचारताच ठरून गेलंय.

२० ऑक्टोबर, रविवार

पहिली बैठक झाली. फसली.

एका वाचनालयाची वरची खोली मिळाली होती. ३८ लोक आले, चहानंतर ११ उरले. मी रुसोलोपासून सुरुवात केली. हा इटलीचा चित्रकार. यंत्रयुगातल्या माणसाच्या कानाला आता गोंगाटाचंही संगीत हवं, असं त्याने १९१३ मध्ये जाहीरनामा काढून सांगितलं आणि त्यासाठी नवी वाद्यं बांधली. मग पिएर शेफर, १९४८, पॅरिस. त्याने रेल्वेचे आवाज रेकॉर्ड करून, त्यांचे तुकडे जोडून एक रचना केली आणि ती रेडिओवर वाजवली. हे सगळं मी सांगत बसले. रात्री हिशोब केला तर मी ५० मिनिटं बोलले होते आणि संगीत वाजलं १७ मिनिटं.

जाताना एक आजोबा थांबले. म्हणाले, "बाई, सांगितलंत छान. पण कान लागेपर्यंत संपत होतं." याहून नेमकं कुणी सांगितलं नसतं.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. शेफरची रेल्वेची रचना लागली तेव्हा सगळे चुळबुळत होते आणि मागच्या रांगेतले एक निवृत्त गार्ड पुढे सरकून बसले. डोळे मिटून म्हणाले, "वाफ सोडली... आता उचलली गाडी." पुढे त्याच आवाजाचे तुकडे परत परत येऊ लागले तेव्हा ते हसले. कारण कशाचे तुकडे केलेत हे त्यांना माहीत होतं. बाकीच्यांना नव्हतं.

२३ ऑक्टोबर, बुधवार

शहराच्या पूर्व भागात गेले होते. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील यंत्रमाग कारखान्यात जॉबर आहेत. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही. माग बिघडला की अण्णांना हाक. घरी तेलुगू, बाहेर मराठी, आणि कारखान्यात दोन्ही मोडून हातवारे, कारण आत शब्द ऐकू येतच नाहीत.

दारात उभं राहून मला एकच घरघर ऐकू येत होती. अण्णा आत शिरले, चार पावलं चालले आणि थांबले. मान थोडी कलती केली. मग सरळ सहा नंबरच्या मागाकडे गेले आणि लाकडावर तळहात ठेवला. बाहेर आल्यावर सांगितलं, "धोटा पेटीत येतोय, पण बसत नाही. आपटून जरा मागं येतोय. पिकर झिजलाय." (धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन मागात इकडून तिकडे धावतो तो, आणि पिकर त्याला ठोकून ढकलतो.) सोळा माग चालू असताना त्यातल्या एका मागाच्या एका ठोक्याची शेपटी त्यांनी ऐकली. मी त्यांना पुन्हा आत घेऊन गेले आणि तिथं उभं राहून ऐकायचा प्रयत्न केला. पाचएक मिनिटांनी मलाही ऐकू आलं: इतर मागांचं 'खट', आणि त्याचं 'खट-क'.

दिरांना फोन करून सांगितलं, दुसरी बैठक खोलीत नाही घ्यायची.

१० नोव्हेंबर, रविवार

दिवाळीमुळे खंड पडला. मालक तयार आहेत. अडचण मजुरीची आहे. कामगारांना नगावर पैसे मिळतात, माग तासभर थांबला तर त्या तासाचे पैसे बुडतात. तेवढे पैसे वर्गणीतून द्यायचे ठरलं. तबल्याच्या सरांचं म्हणणं, कौतुकाने यावं लोकांनी. मी ऐकलं नाही. ज्यांच्या जागेत आपण शिकायला जातो त्यांचा तास फुकट घ्यायचा नाही. कापूस आणून ठेवला.

१७ नोव्हेंबर, रविवार. दुसरी बैठक

संध्याकाळी, पाळी संपायच्या वेळी. बाहेरचे १४, कारखान्यातले १२. दारातच प्रत्येकाच्या हातात कापसाचे बोळे दिले. सगळे माग चालू असताना फोनवरच्या मीटरने ९७ डेसिबल दाखवले. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० ची मर्यादा आहे, आणि इथं पाळी आठ तासांत संपत नाही.

मग अण्णांनी एकेक माग बंद करत आणला. शेवटी चार आणि पाच नंबरचे दोनच राहिले, शेजारी शेजारी. लोकांना दोन्हींच्या मधल्या बोळात उभं केलं. दुपारी आम्ही मोजून ठेवलं होतं: एकाचे मिनिटाला ११२ ठोके, दुसऱ्याचे ११५. दर २० सेकंदांनी दोघं एका ठोक्यावर येतात आणि लगेच सुटायला लागतात. आधी एकच जाड ठोका. मग त्याच्या मागे बारीक दुसरा. मग घोड्याची टाप. मग बरोबर मधोमध, दुप्पट लय. मग तीच टाप उलट्या अंगाने, आणि पुन्हा एक. मी लोकांना काही सांगितलं नव्हतं. तिसऱ्या फेरीला एका शाळकरी मुलाने दोघं एकत्र आले त्या क्षणाला हात वर केला. पुढच्या फेरीला सात-आठ हात वर गेले.

मग दोन्ही माग बंद. शांतता अशी पडली की वरच्या पत्र्यावरून मांजर चाललेलं ऐकू आलं. त्या शांततेत स्टीव्ह राइश या अमेरिकन संगीतकाराची १९६५ ची 'इट्स गोना रेन' लावली. या वेळी मी चार वाक्यं बोलले. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चौकात एक माणूस प्रवचन करत होता, त्याचा आवाज राइशने टेपवर घेतला. त्यातल्या तीन शब्दांची टेप गोल जोडून दोन यंत्रांवर एकदम लावली. यंत्रं सारखीच, पण वेग किंचित वेगळा, म्हणून आवाज हळूहळू एकमेकांपासून सुटत गेले. त्याने ते थांबवलं नाही, ऐकत राहिला.

कुणी उठलं नाही. एक कांडीवाली (कांड्यांवर सूत भरणारी) अक्का शेजारणीला तेलुगूत काहीतरी म्हणाली आणि तळहातांनी दोन माग दाखवले, एक पुढे, एक मागे.

नंतर चहा घेताना अण्णा जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते. "मॅडम, तुमाला हे तासाभराचं संगीत हाय. आमी बत्तीस वर्षं ह्याच्यातच उभं हावो. पोरगं फोनवर बोललं तर मला कळंना झालंय." रागाने नाही बोलले. मला उत्तर सुचलं नाही, आणि उत्तर द्यायची ती वेळही नव्हती.

१८ नोव्हेंबर, सोमवार

रात्रभर अण्णांचं वाक्य. मी मागाच्या आवाजात लय शोधत होते, ती खरीच आहे. आणि तोच आवाज त्यांचे कान खातोय, हेही खरं. एक दाखवताना दुसरं झाकलं तर आपण खोटं बोललो. यापुढे कारखान्यातली प्रत्येक बैठक कानांच्या काळजीपासून सुरू करायची. फोमच्या बोळ्यांच्या ४० जोड्या मागवल्या.

१ डिसेंबर, रविवार

बोळ्यांची खबर घ्यायला गेले. तरुण दोघं-तिघं वापरतात, वयस्कर नाही म्हणतात. कारण आळस नाही. बोळा घातला की मागाची तक्रार ऐकू येत नाही, आणि ती ऐकू आली नाही तर कापड खराब होतं, नुकसान अंगावर. अण्णांनी स्वतः मात्र सोडलं नाही. म्हणाले, पहिले चार दिवस आंधळ्यासारखं वाटलं, आता परत कळायला लागलंय, फक्त वेगळं कळतंय. त्यांनी पोरांना सांगितलं तर फरक पडेल. मी सांगून पडणार नाही.

८ डिसेंबर, रविवार. तिसरी बैठक

विडी वळणाऱ्या बायकांच्या अंगणात. त्यांचं भजनी मंडळ आहे, म्हणून मी विचारलं होतं. मांडीवर सूप घेऊनच बसल्या, कारण मजुरी हजार विड्यांवर, हात थांबवून परवडत नाही. मी म्हटलं, थांबवूच नका.

मिरजेचा तानपुरा घेऊन गेले होते. आधी जवारीचा दोरा दाखवला. तारेखाली, घोडीवर, सुताचा एक धागा सरकवायचा. केसभर पुढे-मागे केला की एका जागी तार अचानक उघडते, बोथट 'टुंग' जाऊन झणझणता, लांब, रंगीत आवाज येतो. धागा काढला, आवाज मिटला. घातला, उघडला. असं पाच-सहा वेळा केलं. आयुष्यभर सुताच्या गावात राहिलेल्या बायका, त्यांना एका धाग्याची ही करामत इतकी आवडली की एकीने विडी बांधायचा दोरा पुढे केला, "ह्याने होतंय का बघा." झालं. जरा जाड पडला, पण झालं.

मग त्यांना सांगितलं की ला मॉन्टे यंग नावाच्या अमेरिकन संगीतकाराने १९६० मध्ये एक रचना लिहिली, तिच्यात दोनच सूर आहेत, षड्ज आणि पंचम म्हणावेत असे, आणि सूचना एकच: बराच वेळ धरून ठेवावेत. बस्स. पुढे हाच संगीतकार आणि त्याचा मित्र टेरी रायली, दोघं किराना घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे शिष्य झाले. किराना म्हटल्यावर एक म्हातारी म्हणाली, "मिरजेच्या दर्ग्यातले खाँसाहेब?" हो, अब्दुल करीम खाँ त्याच घराण्याचे. तिचे वडील उरुसाला जाऊन ऐकत बसायचे म्हणे.

आम्ही ती रचना केली. अर्ध्या बायकांनी सा धरला, अर्ध्यांनी प. श्वास संपला की घ्यायचा, शेजारचीचा चालू असतो. मी दहा मिनिटं ठरवली होती, २३ मिनिटं चालली. आठव्या मिनिटाच्या सुमारास गंधार ऐकू यायला लागला. कुणी तो गात नव्हतं. सा आणि प नीट मिळाले की आत दडलेला गंधार वर येतो, तानपुऱ्यात येतो तसाच. दोन बायका गाणं थांबवून बघायला लागल्या, कोण गातंय. हात मात्र चालू होते. संपल्यावर शेंगाचटणी-भाकरी खाताना त्यांचा प्रश्न होता, हे आपण आरतीच्या आधी रोज का करू नये.

१५ डिसेंबर, रविवार. चौथी बैठक

ठरलेलं सभागृह आदल्या रात्री नाकारण्यात आलं. पैसे भरलेली पावती हातात होती. कारण असं दिलं की "हे संगीताच्या कार्यक्रमात बसत नाही." मला याचा राग आला आणि अजून आहे. न ऐकता दिलेला निकाल तो निकाल नव्हे. दिरांनी तासाभरात एका मंगल कार्यालयाचं मागचं आवार मिळवलं.

तबल्याच्या सरांची बैठक. राइशचंच 'क्लॅपिंग म्युझिक', १९७२. दोन माणसं, चार हात, वाद्य नाही. बारा मात्रांचा एक साचा: तीन टाळ्या, एक रिकामी, दोन टाळ्या, रिकामी, एक, रिकामी, दोन, रिकामी. एकजण तो शेवटपर्यंत तसाच वाजवतो. दुसरा थोड्या थोड्या वेळाने एक मात्रा पुढे सरकतो. बारा वेळा सरकला की दोघं परत एकत्र. हे सोपं वाटतं आणि करायला बसलं की घाम फुटतो. लेझीम पथकातली मुलं आली होती, त्यांनी आमच्या दोघांपेक्षा लवकर पकडलं. सरांनी एकतालाच्या बारा मात्रा हातावर धरून त्यांना आधार दिला. एक हलगीवाला पोरगा पाचव्या सरकीला थांबून म्हणाला, "सर, तुमचं तेच हाय, पण मला दुसरंच ऐकू यायलंय." नेमकं हेच.

२२ डिसेंबर, रविवार. पाचवी बैठक

शाळेची एक खोली, ३० मुलं. अॅल्व्हिन ल्युसिए या अमेरिकन संगीतकाराची १९६९ ची रचना, 'आय अॅम सिटिंग इन अ रूम'. खोलीत बसून काही वाक्यं बोलायची, रेकॉर्ड करायची. ते रेकॉर्डिंग त्याच खोलीत वाजवायचं आणि पुन्हा रेकॉर्ड करायचं. मग ते वाजवायचं, पुन्हा रेकॉर्ड. प्रत्येक फेरीत खोलीच्या लांबी-रुंदीला मानवणारे स्वर थोडे वाढतात, न मानवणारे थोडे मरतात.

वाक्य कोण बोलणार विचारलं तर पहिला हात आला तो सातवीतल्या एका मुलाचा, जो बोलताना अडखळतो. मी क्षणभर थबकले, मग म्हटलं, बोल. "मी सोलापुरात एका खोलीत बसलोय. ही खोली आमच्या वर्गाची आहे." 'सोलापुरात'वर अडकला, मग सुटला. आम्ही १६ फेऱ्या केल्या. चौथीपर्यंत शब्द होते. सातवीला शब्दांच्या कडा विरघळल्या. दहावीनंतर कुणी बोलतंय हे कळत नव्हतं, नुसते घुमणारे सूर, पण त्यांची लय त्याचीच. ज्या जागी तो अडखळला होता तिथं एक लांब, गोल सूर तीनदा थरथरून पुढे जायचा. मुलांना तीच जागा सगळ्यात आवडली, परत लावायला लावली. एका मुलीने हार्मोनियमवर तो सूर शोधला. काळी एकच्या जरा खाली सापडला. फळ्यावर लिहून ठेवलंय: आमच्या वर्गाचा सूर.

ल्युसिए स्वतः अडखळत बोलायचा, हे मी त्या मुलाला सगळे गेल्यावर सांगितलं. त्याने विचारलं, "रेकॉर्डवर ऐकू येतं का?" लावून दाखवलं.

५ जानेवारी २०२५, रविवार

गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेची, गडबड सुरू झाली आहे. यात्रेत सगळं शहर नंदीध्वजांच्या मागे असतं, बैठक ठेवायचा प्रश्नच नाही. शेवटची बैठक फेब्रुवारीत.

१९ जानेवारी, रविवार

विद्यार्थिनीने तिच्या कॉलेजातल्या मुलांना घरी बोलावून अहमदाबादच्या टेप ऐकवल्या. राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, एनआयडीत, १९६९ मध्ये 'मूग' नावाचा सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज तयार करणारं वाद्य, आला आणि आपल्या लोकांनी त्यावर रचना केल्या. त्या टेप तिथंच पडून होत्या. २०१७ मध्ये पॉल परगस या ब्रिटिश संगीतकाराला त्या सापडल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. मुलांना विश्वास बसेना. त्या सिंथेसायझरचा स्टुडिओ तिथं उभारून देणारा डेव्हिड ट्यूडर म्हणजे तोच पियानोवादक, ज्याने १९५२ मध्ये जॉन केज या अमेरिकन संगीतकाराची ४ मिनिटं ३३ सेकंदांची, एकही सूर न वाजवण्याची रचना पहिल्यांदा सादर केली. आणि त्या टेपवर गीता साराभाईंचंही काम आहे. त्या पखवाज वाजवत. १९४६ मध्ये न्यूयॉर्कला केजकडे पाश्चात्त्य संगीत शिकल्या आणि बदल्यात त्याला आपलं शिकवलं. मन शांत करून ते दैवी प्रभावाला ग्रहणशील करणं हा संगीताचा हेतू, हे केजला त्यांच्याकडून कळलं आणि तो ते जन्मभर सांगत राहिला. पाहुणं म्हणून ज्या संगीताला आपण लांब बसवतो त्याच्या घरात आपल्याच माणसाचा हात आहे. शेवटची बैठक यावरच.

२ फेब्रुवारी, रविवार. सहावी बैठक

शाळेची गच्ची, सूर्यास्ताच्या वेळी. ६१ लोक. पहिल्या बैठकीचे आजोबा आले, गार्डसाहेब आले, विडीवाल्या बायका आल्या, कारखान्यातले नऊजण.

आधी आमची स्वतःची रचना, टेरी रायलीच्या १९६४ च्या 'इन सी'च्या तत्त्वावर. त्यात ५३ छोटे तुकडे आहेत. प्रत्येकाने तुकडा हवा तितक्या वेळा वाजवावा आणि पुढे जावं, पण एकमेकांपासून फार लांब पडू नये. सी म्हणजे आपली पांढरी एक. आम्ही १२ तुकडे केले: दोन भजनातले, एक मागाच्या टापेचा, एक बायकांचा सा-प, बाकी मुलांनी रचलेले. पाच हार्मोनियम, हलगी, टाळ, दोन पेले. १९ मिनिटं. मधे एकदा सगळं विस्कटलं, तबल्याच्या सरांनी पांढरी एकवर ठोका धरून ठेवला आणि लोक एकेक करून परत आले.

मग केज. मी एवढंच म्हटलं: आता ४ मिनिटं ३३ सेकंद आम्ही काही वाजवणार नाही, तुम्ही ऐका. एका मुलाने हार्मोनियमचं झाकण बंद केलं.

संपल्यावर प्रत्येकाने ऐकलेलं एकेक सांगितलं. चिमण्या, बऱ्याच जणांनी. रिक्षाचा हॉर्न, कुकर, लांबची अजान, कुणाच्या तरी बांगड्या. अण्णांची पाळी आली. म्हणाले, "चिमण्या समदे म्हनतेत, मला नाही आल्या. पन पलीकडच्या गल्लीत चार माग चालू होते, मधेच एक बंद पडला." मग दिरांकडे वळून, "ताणा तुटला असंल."

४ फेब्रुवारी, मंगळवार

अण्णांच्या कानांची तपासणी उद्यावर ठरवली आहे, मुलगी बरोबर जाईल.

गच्चीवरचं रेकॉर्डिंग विद्यार्थिनीने आज उघडलं. वेग निम्मा केला की आवाज एक सप्तक खाली येतो, टेपवाले पहिल्यापासून करत आलेत. तिने चिमण्यांचा तुकडा कापला आणि दोन सप्तकं उतरवला. संध्याकाळी आम्ही दोघी कारखान्यात गेलो. अण्णा पायरीवर बसले, हेडफोन लावला. चिवचिव आता लांब, सावकाश, कुणीतरी पाव्याने प्रश्न विचारावेत तशी झाली होती. त्यांनी पूर्ण ऐकलं. मग हेडफोन न काढता बोटाने खूण केली, पुन्हा लाव.